अडसर

जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजामागे एक लांबट, जाड लाकूड असे. दिवसा ते भिंतीतल्या खोबणीत निमूट पडून राही. रात्री जेवणीखाणी आटोपली, की घरातला कोणी कर्ता माणूस ते ओढून दारावर आडवे बसवी. त्याला अडसर म्हणत. अडसर बसला की घर निर्धास्त झोपे. तो घालणाऱ्याला कोणी भित्रा म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आता वाडे गेले, अडसर गेले. मागे शब्द तेवढा उरला आणि त्याचाही अर्थ फिरला. "अमक्याने माझ्या कामात अडसर घातला," असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. घराचे रक्षण करणारी वस्तू दुसऱ्याच्या वाटेतली धोंड होऊन बसली.

मला हा शब्द आठवला तो फुटबॉलमुळे. चकली-चिवड्याच्या ताटात हा चेंडू कुठून येऊन पडला, असे काही वाचक म्हणतील. परंतु विश्वचषकाच्या रात्री जागणारी मुले आता बहुतेक घरांत आहेत, आणि त्यांच्याबरोबर डोळे चोळीत बसणारे आईबापही आहेत. शिवाय मला जो प्रश्न मांडायचा आहे तो मैदानावर उभा राहिला असला तरी मैदानापुरता नाही. प्रश्न असा : आपण दुबळे असू, समोरचा बलवान असेल, तर दार लावून बसावे, त्याला दमू द्यावे आणि तो चुकला की झडप घालावी, हे मर्दपणाचे आहे की नाही? असे मिळवलेले यश खरे यश आहे काय?

फुटबॉलमध्ये अडसर याच नावाचा डाव आहे. फ्रेंच बोलणारे त्याला 'व्हेरू' म्हणतात, इटालियन 'कातेनाच्चो'. दोन्ही शब्दांचा अर्थ दाराची कडी, अडसर. तो राष्ट्रीय संघाच्या खेळात गाजला 1938 साली, फ्रान्समधल्या विश्वचषक स्पर्धेत, आणि गाजवला स्वित्झर्लंडसारख्या चिमुकल्या देशाने. त्या संघाचे गुरू होते कार्ल रापान, मूळचे व्हिएन्नाचे. जिनिव्हाच्या सर्व्हेत संघाला शिकवीत असताना त्यांनी हा डाव बसवला होता. तिथले गडी पूर्णवेळ खेळाडू नव्हते. दमात आणि कसबात ते मोठ्या संघांना पुरे पडणारे नव्हते. गड्याला गडी भिडवला तर हार ठरलेली. तेव्हा रापान यांनी बचावाच्या ओळीमागे एक गडी मोकळा ठेवला. त्याने कोणा एकाच्या मागे धावायचे नाही. पुढचा सोबती चकला की ती चूक याने निस्तरायची. मध्यफळीतल्या गड्यांनी मागे सरून दाराशी दाटी करायची. प्रतिपक्षाला चेंडू खुशाल खेळवू द्यायचा, मैदानाचा मधला पट्टा त्याला जणू आंदण द्यायचा, पण गोलाजवळची जागा द्यायची नाही. आणि चेंडू हाती लागला, की वेळ न दवडता दोन-तीन पासांत तो थेट पुढे धाडायचा.

यातले मर्म समजायला आपल्याला परदेशी जायला नको. हुतुतू खेळलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. चढाई करणारा पाळीच्या रेषेजवळ घुटमळत असतो तोवर त्याला धरणे कठीण. जाणते गडी म्हणून मागे सरतात, त्याला आत येऊ देतात. तो जितका आत येईल तितका त्याचा परतीचा रस्ता लांबतो. मग एकजण घोटा धरतो आणि बाकीचे साखळी करून घेरतात. फुटबॉलमधल्या प्रतिहल्ल्याचे गणित हेच. बलवान संघ चढाईच्या भरात आपले बचावपटूही पुढे आणतो. त्याच्या पाठीमागे अर्धे मैदान ओसाड पडते. दुबळ्याला एरवी कधी न मिळणारी ती मोकळी जागा बलवानाच्या उतावीळपणामुळे मिळते.

1938 साली स्विस संघाची गाठ पडली जर्मनीशी. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि ऑस्ट्रियाचे नामांकित खेळाडूही आपल्या संघात घातले होते. 4 जूनला पॅरिसमध्ये सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. 9 जूनला तो पुन्हा खेळवला गेला, आणि पाहता पाहता जर्मनीचे दोन गोल झाले. अडसर मोडला होता. आता नुसते दाराशी उभे राहून चालण्यासारखे नव्हते. स्विस गडी बाहेर पडले आणि त्यांनी एकामागून एक चार गोल केले. सामना 4-2 असा त्यांनी जिंकला. पुढच्या फेरीत हंगेरीने त्यांना हरवले हे खरे. पण अडसराची कथा सांगताना ही पहिली मोठी लढत विसरता कामा नये. अडसर घालणाऱ्यांना तो काढताही येत होता, असे ती सांगते. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. मला तो आक्षेप सर्वांत स्वच्छ शब्दांत ऐकायला मिळाला तो वर्गात. 2022 च्या डिसेंबरात कतारमधल्या विश्वचषकात मोरोक्कोने स्पेनला बाहेर काढले. एकशेवीस मिनिटांत एकही गोल झाला नाही. स्पेनने हजाराहून अधिक पास दिले. मोरोक्कोचे गडी आपल्या दारापुढे भिंतीसारखे उभे. अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर स्पेनच्या तिघांपैकी एकालाही गोल करता आला नाही आणि मोरोक्को जिंकला. दुसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, सगळा वेळ खेळले ते स्पेनवाले. मग मोरोक्को जिंकला असे कसे म्हणायचे?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग राखणदाराला पगार कशाचा देतात?" तिचे वडील रात्रपाळीचे राखणदार आहेत. वर्ग हसला, ती मात्र हसली नाही.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मुलाचे म्हणणे असे, की खेळ म्हणजे काहीतरी घडवणे. जो घडवतो त्याचा खेळ. मुलीचे म्हणणे असे, की न घडू देणे हेही काम आहे, आणि ते करणाऱ्याची रात्र तितकीच मोठी असते. आपल्या मनाचा कल साहजिकच मुलाकडे झुकतो. चढाई डोळ्यांना दिसते. राखण नीट झाली तर दिसण्यासारखे काहीच उरत नाही. चोरी झाली नाही याची बातमी कोणत्या वर्तमानपत्रात येते? परंतु दिसत नाही म्हणून त्यात धैर्य नाही, हा न्याय खोटा आहे. दोन तास चेंडू आपल्याकडे नसताना आपली जागा न सोडणे, चिडून धावत न सुटणे, थकलेल्या सोबत्याची उणीव भरून काढणे, यालाही छाती लागते. त्याच मोरोक्कोने पुढे पोर्तुगालला एका गोलाने हरवले आणि उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. तोवरच्या पाच सामन्यांत त्यांच्या जाळ्यात एकच गोल गेला होता, तोही त्यांच्याच गड्याचा पाय लागून. पोर्तुगालवरील विजयानंतर सोफियान बुफाल हा त्यांचा खेळाडू मैदानातच आपल्या आईबरोबर नाचला. ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना, हे जिंकणे खरे होते काय, असे विचारून पाहावे.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. 1982 साली स्पेनमध्ये विश्वचषक झाला. त्यात तेले सान्ताना यांचा ब्राझील संघ होता : झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ. त्यांचा खेळ पाहिलेले लोक आजही त्याविषयी बोलतात ते गाण्याच्या मैफलीविषयी बोलावे तसे. समोर इटली. इटलीने पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते. पोलंड, पेरू आणि कॅमेरून यांपैकी कोणालाही त्यांना हरवता आले नव्हते. केवळ कॅमेरूनपेक्षा एक गोल अधिक म्हणून ते पुढे आले. 5 जुलैला बार्सिलोनातल्या सार्रिया मैदानावर दोघांची गाठ पडली. ब्राझीलला बरोबरी पुरत होती. पाओलो रोसीने गोल केला, सॉक्रेटिसने फेडला. ब्राझीलच्या बचावफळीत एक पास ढिला गेला, रोसीने तो मधल्यामध्ये उचलला आणि दुसरा गोल केला. फाल्काओने पुन्हा बरोबरी साधली. आता ब्राझीलने नुसता अडसर घातला असता तरी ते पुढे जात होते. पण त्यांना अडसर ठाऊकच नव्हता. ते चढाई करीत राहिले. कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर रोसीने तिसरा गोल केला. शेवटच्या क्षणी ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू चाळिशी गाठलेल्या दिनो झोफने रेषेवर धरून ठेवला. इटली 3, ब्राझील 2.

त्या दिवशी सौंदर्य हरले असे पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. ब्राझीलचा खेळ सुंदर होता यात शंका नाही. पण ढिल्या पासाची वाट पाहत दबा धरून बसलेला रोसी, रेषेवर चेंडू दाबून धरणारा झोफ, ही दृश्येही कुरूप नाहीत. एकाचे सौंदर्य मोराच्या पिसाऱ्याचे, दुसऱ्याचे बगळ्याच्या एका पायावर उभे राहण्याचे. पहिले पाहायला माणसे जमतात, दुसरे पाहायला थोडा धीर लागतो. आणि ब्राझील हरले ते त्यांना सुंदर खेळता येत होते म्हणून नव्हे. एक काम येत असताना दुसरे शिकण्याची गरज त्यांना वाटली नाही, म्हणून.

इथे मराठी वाचकाच्या मनात गनिमी काव्याचे नाव येणार हे मी जाणून आहे. ते आपल्या अभिमानाचे नाव आहे. मोठ्या फौजेला अडचणीच्या मुलखात येऊ द्यावे आणि तिथे गाठावे, यात आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. मग मैदानावर हेच करणाऱ्याला नाक का मुरडावे? ही तुलना अर्ध्या वाटेपर्यंत ठीक आहे. तिथून पुढे ती सोडून दिली पाहिजे. रणात शत्रू न बोलावता आलेला असतो. त्याला हाकलणे एवढेच कर्तव्य. त्याचे आपण काही देणे लागत नाही. खेळात समोरचा संघ आपल्या संमतीने आलेला असतो, आपण त्याच्या. तो नसेल तर खेळच नाही. म्हणजे खेळातला प्रतिपक्ष हा अर्धा पाहुणा असतो. त्याच्यापुढे दार लावण्याची मुभा आहे, पण तो ज्यासाठी आला त्या खेळाला बुडवण्याची मुभा नाही. बचावाची नीती जिथे संपते ती सीमा मला इथे दिसते.

ही सीमा ओलांडली गेली त्याच 1982 साली, त्याच स्पेनमध्ये, इटली-ब्राझील सामन्याच्या अवघे दहा दिवस आधी. अल्जीरिया प्रथमच विश्वचषकात आला होता आणि आल्या आल्या त्याने पश्चिम जर्मनीला 2-1 असे हरवले होते. गटातला शेवटचा सामना पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा, हिहोन शहरात, 25 जूनला. अल्जीरियाचा सामना आदल्याच दिवशी होऊन गेला होता. त्यामुळे या दोघांना हिशेब पुरता ठाऊक होता. जर्मनीने एक किंवा दोन गोलांनी जिंकले तर दोघेही पुढे जातात आणि अल्जीरिया घरी जातो. दहाव्या मिनिटाला ह्रुबेशने जर्मनीचा गोल केला. पुढे पुढे तर खेळ असा उरलाच नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून गोलरक्षकाकडे. प्रेक्षकांतले अल्जीरियाचे लोक नोटा फडकावू लागले. ऑस्ट्रियाच्या दूरचित्रवाणीवरच्या निवेदकाने तर प्रेक्षकांना संच बंद करायला सांगितले. दाद मागितली गेली. पण नियम एकही मोडला नव्हता; निकाल कायम राहिला.

नियम एकही मोडला नव्हता. हे वाक्य शिक्षकाला ओळखीचे असते. परीक्षेत कॉपी न करता, गृहपाठ न चुकवता, शाळा न बुडवता, काहीही न शिकण्याची युक्ती काही मुलांना साधलेली असते. त्यांना कोणत्या कलमाखाली शिक्षा करायची? पुढे 1986 च्या स्पर्धेपासून गटातले अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम झाला. 1990 च्या विश्वचषकात गोलांचा दुष्काळ पडला. तेव्हा 1992 साली, सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलू नये, असे ठरले. हे नियम चांगलेच झाले. त्यांनी पळवाटा बुजवल्या. परंतु मनात खेळण्याची इच्छाच नसेल तर ती कोणता नियम उत्पन्न करणार?

म्हणून मला वाटते, बचाव करणाऱ्याची पारख त्याने दार किती घट्ट लावले यावरून करू नये. दार लावून तो आत काय करीत होता, ते पाहावे. संधी येताच निघण्यासाठी तो पायांत वहाणा घालून बसला होता, की दिवा मालवून निजला होता? हिहोनला दोघे निजले होते. सार्रियावर रोसी जागा होता.

आणि जागे राहण्याच्याही रीती आहेत. त्या इटालियन संघात क्लाउदिओ जेंतिले नावाचा बचावपटू होता. अर्जेंटिनाविरुद्ध त्याने मॅराडोनाला इतके लोंबकळून, ओढून, पाडून जेरीस आणले, की तो सामना त्या धसमुसळेपणासाठीच लक्षात राहिला. ब्राझीलविरुद्ध झिकोचा सदरा फाटला तोही त्याच्याच हातून. त्याच बचावात सर्वांच्या मागचा मोकळा गडी होता गाएतानो शिरेआ, अडसरातला खरा अडसर. साऱ्या कारकिर्दीत एकाही पंचाला त्याला मैदानाबाहेर काढावे लागले नाही. काम दोघांचे एकच, संघ एकच. तेव्हा बचावाने माणूस खुनशी होतो हे म्हणणे टिकत नाही. ज्याच्या त्याच्या स्वभावाचा तो भाग आहे.

याच शिरेआचे एक दृश्य मला फार मोलाचे वाटते. 11 जुलै 1982, माद्रिद, पश्चिम जर्मनीविरुद्ध अंतिम सामना. इटली एका गोलाने पुढे. अडसरावरचे टीकाकार म्हणतील, आता हे दार लावून बसणार. आणि त्या वेळी सर्वांत मागे उभे राहण्याचे ज्याचे काम, तो शिरेआ कुठे होता? जर्मनीच्या गोलापुढे! बर्गोमीशी चेंडूची देवघेव करून त्याने तो मार्को तार्देल्लीकडे दिला आणि तार्देल्लीने गोल केला. तार्देल्ली आनंदाने ओरडत धावला ते चित्र जगाने पाहिले; दाराचा राखणदार दुसऱ्याच्या अंगणापर्यंत चालत गेला होता हे थोड्यांच्या लक्षात आले. 1938 साली पॅरिसमध्ये स्विसांनी जे केले, तेच हे. इटलीने तो सामना 3-1 असा जिंकला.

हे सारे मी इतक्या आस्थेने का लिहितो? माझ्या शाळेतली बहुतेक मुले दुबळ्या बाजूने खेळणारी आहेत. त्यांच्या घरी पैसा नाही, ओळखी नाहीत, चुकले तर सावरायला दुसरा हात नाही. निकालाच्या दिवसांत त्यांचे पालक मला विचारतात, "सर, पोराला काय सांगू? मोठी उडी मारू दे, की हाती येईल ते धरू दे?" त्यांना ब्राझीलसारखे खेळायला सांगणे मला सोपे आहे, टाळ्या पडतील. पण हरल्यानंतर त्यांच्याविषयी पुढची चाळीस वर्षे कोणी प्रेमाने बोलणार नाही. ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याने आधी दार सांभाळावे, यात लाज कसली? ठरल्या पगारात महिना निभावणारी प्रत्येक गृहिणी हाच डाव खेळते. डब्यात चार नोटा मागे ठेवते, आला दिवस परतवून लावते, आणि मुलीच्या शिक्षणाची वेळ आली की तोच डबा उघडते.

धोका आहे तो डबा उघडायचा विसरण्याचा. बचाव करता करता माणसाला बचावाचीच गोडी लागते. अडचण सरते, पण अडसर काढायचा राहून जातो. अशी घरे आपण पाहतो, आणि अशी माणसेही : काहीही न गमावता ज्यांचे आयुष्य गेले आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखी एकही चढाई नाही. म्हणून त्या पालकांना मी दोन गोष्टी सांगतो. पोराला हाती येईल ते धरू द्या. पण धरल्यावर त्याची नजर समोर ठेवा. आणि ज्या दिवशी मोकळी जागा दिसेल त्या दिवशी "आता कशाला?" असे त्याला म्हणू नका. दुबळ्याला ती जागा फार वेळा दिसत नाही. दिसली त्या क्षणी घरातल्याच माणसाने मागे ओढले, तर आधीची सारी राखण फुकट जाते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दार उघडे ठेवतो. वर्षभर कडीकुलपे सांभाळणारी आजीच त्या दिवशी बजावते, "दार लोटू नका रे, लक्ष्मी यायची आहे." उंबरठ्यावर पणती असते, रांगोळी असते आणि घर सताड उघडे असते. वर्षभर अडसर कशासाठी घालायचा हे ज्या घराला माहीत आहे, त्या घराला तो कोणत्या संध्याकाळी काढायचा हेही माहीत असावे, एवढेच मला म्हणायचे आहे.